अमली पदार्थाच्या ताज्या सेवनाची तपासणी: लाळेचा नमुना कसा घ्यावा

एखाद्या व्यक्तीने नुकतेच अमली पदार्थाचे सेवन केले आहे का, हे सुई न टोचता तपासायचे असल्यास लाळेचा नमुना सर्वांत उपयुक्त ठरतो. लघवीत पदार्थाचे अवशेष काही दिवस, आणि गांजाचे नियमित सेवन करणाऱ्यांत कित्येक आठवडेही सापडतात. केस तर महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढत असल्याने ते जुन्या सेवनाचाच माग देतात. लाळेत मात्र बहुतेक पदार्थ साधारण एक-दोन दिवसच आढळतात, शिवाय नमुना डोळ्यांदेखत घेतला जात असल्यामुळे त्यात भेसळ करणे अवघड जाते.

तपासणीचे कारण आणि पद्धत त्या व्यक्तीला आधी समजावून सांगावी. तोंडात काही नाही याची खात्री करून पुढची किमान १० मिनिटे तिला खाणे, पिणे व धूम्रपान करू देऊ नये, आणि या वेळात तिच्यावरून लक्ष हटवू नये. नमुना घेण्याच्या संचाची मुदत पाहून तो तिच्यासमोरच उघडावा. शोषक बोळा संचावरील सूचनेप्रमाणे जिभेखाली किंवा गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवावा आणि पुरेशी लाळ, बहुधा १ मिलिलिटर, जमल्याचे दर्शक दाखवेपर्यंत तो तसाच राहू द्यावा, चघळू देऊ नये. गांजा व ॲम्फेटामाइन हे उत्तेजक या दोन्हींमुळे तोंड कोरडे पडत असल्याने वेळ लागू शकतो. तेवढा वेळ थांबावेच. लाळ सुटावी म्हणून आंबट गोळी किंवा च्युइंगगम देणे ही गंभीर चूक आहे, कारण अशी लाळ पातळ व कमी आम्लधर्मी असते आणि कोकेन किंवा ॲम्फेटामाइनसारख्या अल्कधर्मी पदार्थांचे तिच्यातील प्रमाण घटते.

बोळा लगेच संरक्षक द्रावणाच्या नळीत बुडवावा. गांजातील नशा आणणारा घटक, म्हणजे टीएचसी, बोळ्याला व प्लास्टिकला चिकटून राहतो. तो सोडवण्यासाठीही हे द्रावण लागते. नळी त्या व्यक्तीदेखत सीलबंद करून वेळ व सह्या नोंदवाव्यात, ती थंड जागी ठेवावी आणि पुढे ती ज्या ज्या हातांतून जाईल त्या प्रत्येकाची नोंद करावी. ही साखळी एका ठिकाणी जरी तुटली, तरी अचूक विश्लेषणावरही न्यायालयात शंका घेता येते.

लाळेत पदार्थ आहे का हे जागेवरच दाखवणारी चाचणीपट्टी ही केवळ प्राथमिक चाचणी होय. ती प्रतिपिंडांवर, म्हणजे ठरावीक रेणूला चिकटणाऱ्या प्रथिनांवर, चालते आणि रचनेने जवळच्या औषधांनाही कधी प्रतिसाद देते, म्हणून तिच्या आधारे कोणालाही दोषी धरणे अन्यायाचे आहे. प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातील घटक वेगळे करणे) व मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणे) खातरजमा झालीच पाहिजे. उदाहरणार्थ, मॉर्फिन हे कोडीनच्या औषधातून किंवा खसखशीतूनही येऊ शकते. हेरॉइनचे शरीरात विघटन होताना बनणारे ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन सापडले, तर मात्र ते हेरॉइनकडे बोट दाखवते. उलट बाजूने, बेंझोडायझेपिन गटातील (झोपेची व चिंता कमी करणारी) औषधे रक्तातील प्रथिनांना घट्ट बांधलेली असल्याने लाळेत फार कमी उतरतात, त्यामुळे त्यांच्याबाबत नकारात्मक निकालावर विसंबू नये.

बोटांच्या ठशांतील घामावरूनही चाचणी करता येते. तेथे हात आधी धुऊन घ्यावेत आणि मूळ पदार्थापेक्षा शरीरात तयार होणारे घटक, जसे कोकेनपासून बनणारे बेंझॉइलेक्गोनिन, शोधण्यावर भर द्यावा. नाहीतर नुसता स्पर्शही सेवन समजला जाईल.

अहवालात पदार्थ, त्याचे प्रमाण आणि नमुन्याची वेळ एवढेच नमूद करावे. धूम्रपानानंतर लाळेत सापडणारे टीएचसी बहुतांशी धुरातून तोंडात थेट साचलेले असते, म्हणून त्या आकड्यावरून रक्तातील पातळी किंवा नशेची तीव्रता काढू नये. त्यासाठी वागणुकीची स्वतंत्र, लेखी निरीक्षणे जोडावीत.