कोठार भरलेलं, शहर उपाशी: या चुका टाळा

शहर उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये अन्नटंचाईचा इशारा झळकला की नवा खेळाडू ताबडतोब आणखी दोन शेतं टाकतो. नव्वद टक्के गोंधळ इथेच सुरू होतो. आधी गेम पॉझ करा आणि कोठारावर क्लिक करा. कोठार भरलेलं असूनही घरं ओरडत असतील, तर पिकाचा प्रश्नच नाही, धान्य रस्त्यात अडकलंय.

'सीझर ३' (१९९८) घ्या, कारण हे दुखणं तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. मार्केटमधून दोन बायका निघतात. एक थेट कोठार गाठते आणि टोपल्या घेतलेली पोरं मागे घेऊन परतते. तिला अंतराचं फारसं वावडं नाही. दुसरी घरोघरी वाटप करते, आणि खरी डोकेदुखी ती! तिला पत्ता माहीत नसतो. प्रत्येक चौकात मनाला येईल तिकडे वळते आणि ठरावीक अंतर चालून परत फिरते. तुम्ही हौसेने आखलेल्या चौकांच्या जाळ्यात ती एका गल्लीत पुन्हा पुन्हा जाईल आणि शेजारची गल्ली उपाशी ठेवेल. मग त्या गल्लीतली घरं खालच्या दर्जाला घसरतात आणि आपण दोष देतो शेतांना. उपाय एकच: चौक कमी करा. वस्तीला एक बंद वळसा द्या, मार्केट त्यावरच ठेवा. 'फेरो' या तशाच गेममध्ये (१९९९) यासाठी रोडब्लॉक, म्हणजे रस्त्यावर टाकायचा अडथळा, मिळतो. वाटप करणारी तिथून मागे फिरते, खरेदीला निघालेली मात्र आरपार जाते. 'सीझर ३'मध्ये हेच काम वेशीच्या दरवाजाकडून करून घेतात. दिसायला विचित्र, पण चालतं.

आता उलट बाजू. कोठार रिकामं आणि शेताबाहेर गाडीवाला ताटकळत उभा, असं दिसलं तर कोठार माल घेतच नाही. गाडीवाला लांब गेला असेल, तर तो परत येईपर्यंत पुढची खेप निघत नाही. म्हणून कोठार शेतांना खेटून हवं. लांबची पायपीट मार्केटवालीला करू द्या.

कोठारात जागा नसली की धान्य गोदामात जाऊन पडतं, ही आणखी एक गंमत. आकडे बघून आपण निश्चिंत होतो, पण मार्केट गोदामातून अन्न उचलत नाही. कोठाराला 'माल मागवा' हा आदेश द्या, म्हणजे गोदामाचे हमाल तिकडे पोचवतात. आणि हो, कोठारात पुरेसे कामगार आहेत का तेही बघा, फार वेळा तेवढंच निघतं.

'बॅनिश्ड'मध्ये (२०१४) चुकीची जात वेगळी. तिथे माणूस वर्षाला साधारण १०० युनिट अन्न खातो. हात मोकळा आहे म्हणून एकदम ढीगभर घरं बांधली, की तरुण जोडपी वेगळी राहायला जातात आणि पाळणे हलू लागतात. पोरं कामाला लागायच्या आत खायला लागतात! घरं थोडी थोडी वाढवा. शिवाय १५ × १५ चं सगळ्यांत मोठं शेत टाकून त्यावर मोजकेच शेतकरी ठेवू नका, कापणी अर्धी राहते आणि बर्फ उरलेलं पीक घेऊन जातं. साठा वसंतात खाली आला म्हणून घाबरायचं नाही. मागच्या वर्षी कापणीच्या आधी किती होता, त्याच्याशी ताडून बघायचं.