गुडघा दुखतोय? कुणाकडे जायचं, डॉक्टरला काय सांगायचं

गुडघा दुखायला लागला की आपल्याकडे आधी बाम, मग मेडिकलवाल्याला सांगून पेनकिलर, मग शेजारच्या काकूंनी सुचवलेलं तेल, आणि डॉक्टर सगळ्यात शेवटी. "वय झालं, होणारच" म्हणत आपल्या आया दादरचा पूल कठडा धरून धरून चढत राहतात, ते बघवत नाही म्हणून लिहितेय.

गुडघा अचानक सुजला, लाल आणि गरम झाला, सोबत ताप आहे, किंवा पडल्यानंतर पायावर भारच देता येत नाही, किंवा गुडघा अडकून सरळच होत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल तरीही तसंच.

बाकी दुखणं दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही तर फॅमिली डॉक्टर, मग हाडांचे डॉक्टर. प्रायव्हेट परवडत नसेल तर मुंबईत परळचं केईएम, सायन, नायर, कूपर, सगळीकडे ऑर्थोची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, गर्दी असतेच, म्हणून जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि घरचं कुणीतरी सोबत घ्या.

आत डॉक्टरकडे वेळ कमी असतो, त्यामुळे नुसतं "गुडघा दुखतो" म्हणू नका. कुठे दुखतं ते बोटाने दाखवा, जिना चढताना जास्त की उतरताना ते सांगा, सकाळी गुडघा आखडतो तो किती वेळात सुटतो तेही सांगा, कारण झिजेत तो साधारण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो, त्याहून जास्त वेळ लागत असेल आणि बोटांचे सांधेही सुजत असतील तर तो वेगळा संधिवात असू शकतो आणि त्याचे डॉक्टरही वेगळे, र्‍हुमॅटॉलॉजिस्ट. बीपी, किडनी, अ‍ॅसिडिटीचा त्रास असेल तर न विचारता सांगाच, पेनकिलर नेमक्या तिथेच नडतात.

एक्स-रे उभं राहून काढायचा का ते विचारा, झोपून काढला तर झीज कमी वाटू शकते. एमआरआयसाठी आपणहून हट्ट नको, पन्नाशीनंतर त्यात काही ना काही दिसतंच आणि दुखण्याचं कारण तेच असेल असं नाही.

आणि फिजिओथेरपी लिहून दिली तर प्लीज सोडू नका! खरा फरक मांडीचे स्नायू मजबूत झाल्यावर पडतो आणि त्याला सहा-आठ आठवडे द्यावे लागतात, चार दिवसांत "काही होत नाही" म्हणून लोक बंद करतात. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोने हलका होतो.

झिजेसाठी गुडघा बदलायचं ऑपरेशन सांगितलं तर दुसर्‍या डॉक्टरचं मत घ्या, इथे घाई नसते. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतींवर २०१७ पासून सरकारची मर्यादा आहे, म्हणून एस्टिमेटमध्ये इम्प्लांट, रूम आणि नंतरची फिजिओ हे वेगवेगळं लिहून मागा.