नोझल बसवण्याआधी टेस्टरवर तपासा

ट्रॅक्टरचे नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, दुरुस्त होऊन आले की थेट हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) टाकू नका. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे स्प्रिंगवर उघडणाऱ्या नोझलसाठी हाताने दाबायचा टेस्टर पुरतो. कॉमन रेलचे, म्हणजे विजेवर उघडणारे नव्या पद्धतीचे इंजेक्टर मात्र त्यांच्या खास मशीनवरच तपासावे लागतात.

आधी हँडल सावकाश दाबून नोझल किती बारला (बार म्हणजे दाबाचं माप) उघडतो ते पाहा. आकडा इंजिनच्या पुस्तकातलाच धरा, शेजारच्या ट्रॅक्टरचा नको. मग त्याच्या 20 बार खाली दाब धरून 10 सेकंद थांबा. टोकाला थेंब जमला तर तो नोझल परत पाठवा, कारण थेंब गळणारा नोझल पुढे पिस्टन जाळतो. फवारा धुक्यासारखा हवा, सगळ्या भोकांतून सारखा. एकच जाड धार चालणार नाही.

खरं काम पुढे आहे. इंजिनचे सगळे नोझल उघडण्याच्या दाबात एकमेकांच्या 5 बारच्या आत आणा. मला तर हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं: एक लवकर उघडला की इंजिन आयडलला (रेस न देता चालताना) थरथरतं. शिम (स्प्रिंगला दाब देणारी पातळ चकती) असलेल्या नोझलमध्ये 0.05 मिमी जास्त जाड शिम घातली की दाब अंदाजे 5 बारने वाढतो. स्प्रिंग नवी असेल तर दाब थोडा वरच ठेवा, ती पुढे थोडी बसते आणि दाब उतरतो.

बसवताना तांब्याचे वायसर नवेच.

आणि फवाऱ्यासमोर बोट कधीच नेऊ नका. तो कातडीत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.