एकाच वॉर्डातल्या दोन वस्त्या: उत्पन्नातली दरी तब्येतीवर कशी दिसते, ते मोजायचं कसं

वॉर्डाच्या सरासरीवर विसंबू नका. मुंबईच्या एम-पूर्व वॉर्डात गोवंडीचं शिवाजीनगर आहे, तसं अणुशक्तीनगरही आहे. दोघांची सरासरी काढली की कुणाचंच खरं चित्र उरत नाही. एकाच वॉर्डातल्या दोन वस्त्या घ्या आणि एकाच आठवड्यात दोन्हीकडे तेच प्रश्न विचारा. एक पाहणी पावसाळ्यात, दुसरी उन्हाळ्यात केली, तर फरक पैशाचा की ऋतूचा, ते कळायचं नाही.

प्रत्येकी ५०-६० घरांत ढोबळ फरक दिसतो. मृत्यूदर त्यातून काढू नका. गल्लीच्या तोंडापासून दर पाचवं घर घ्या. कुलूप असेल तर संध्याकाळी परत जा, कारण दिवसभर कामावर असणारी घरंच गळली तर पाहणी फसलीच.

कमाई थेट विचारू नका. रेशनकार्डाचा रंग बदलेल या धास्तीने आकडा कमी सांगितला जातो. त्याऐवजी घरभाडं, वाण्याची उधारी आणि मागच्या दुखण्याचा खर्च कसा भागवला, ते विचारा. व्याजाने पैसे, गहाण की जेवणात काटकसर?

पाण्याला वेळ द्या. हंड्याचं माप घरोघरी वेगळं, म्हणून लिटरच्या बाटलीने त्या घरचा हंडा भरून बघा. काल किती हंडे वापरले, ते विचारून माणसांनी भागा. पोटभाडेकरू आणि रात्रपाळीवाला धरायला विसरू नका. शहरांसाठीचा निकष माणशी रोज १३५ लिटरचा. कमी पडलं की आधी हात धुण्यात कपात होते, आणि दिवसाआड येतं म्हणून उघड्या पिंपात साठवलं की डेंग्यूचे डास.

सार्वजनिक शौचालयात फक्त चालू सीट मोजा. स्वच्छ भारतचा निकष २५ बायकांमागे एक, ३५ पुरुषांमागे एक असा आहे.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकी तपासायला किती दिवस गेले ते लिहा. तपासणी फुकट असली तरी रोज बुडतो, आणि तोवर दहा बाय दहाच्या बंद खोलीत क्षय इतरांना लागू शकतो. असा माणूस भेटला की आधी पालिकेच्या दवाखान्यात पाठवा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा डावा दंड मधोमध मापा. टेप आवळू नका. ढिला ठेवला तर कुपोषण लपतं. १२.५ सेंटिमीटरखाली मध्यम, ११.५ खाली तीव्र. तीव्र निघालं तर फॉर्म बाजूला ठेवून मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.