अपमानाचा ताण आणि गरोदरपण : सोबत जाणाऱ्यांनी काय करावे

अमेरिकेत गरोदरपणाशी निगडित मृत्यूंचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या तुलनेत कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये जवळपास तिप्पट आहे आणि शिक्षण वाढले तरी ही दरी मिटत नाही. आयुष्यभर सोसलेल्या भेदभावाने शरीर अकाली झिजते, असे सार्वजनिक आरोग्याच्या संशोधक अर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये मांडले. ताणाची संप्रेरके सतत चढलेली राहिली की रक्तदाब वाढतो, झोप मोडते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. हा दोष रक्तातला नसावा, याकडे इलिनॉय राज्यातील १९९७ चा अभ्यास बोट दाखवतो : आफ्रिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांची वजने गोऱ्या मातांच्या बाळांच्या वजनांजवळ होती, तर अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांची बाळे अधिक हलकी होती.

वंशभेद आणि जातिभेद यांचा इतिहास वेगळा आहे. तरीही मराठवाड्यातील एखाद्या तांड्यावरून किंवा वस्तीतून आलेल्या गरोदर बाईचे आडनाव ऐकताच समोरच्याचा स्वर बदलतो, तेव्हा तो घाव तिच्या शरीरापर्यंत पोहोचतो, असे मला मनापासून वाटते.

म्हणून आशाताईंनी आणि घरच्यांनी तिला एकांतात, सासूसमोर नव्हे, विचारावे : "आज कुणी काही बोललं का? झोप लागते का?" ती सांगेल ते मध्ये न तोडता ऐकावे. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे, प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजून कार्डावर लिहून घ्यावा आणि तो १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. ऊसतोडीला जायचे असेल, तर कार्ड तिच्याजवळच असू द्यावे, मुकादमाकडे ठेवू नये.

दवाखान्यात सोबतच्या एकाने तिची तक्रार, ती सुरू झाल्याची वेळ सांगून, शांतपणे मांडावी आणि कागदावर नोंदवण्याचा आग्रह धरावा. तीव्र डोकेदुखी, अंधारी, चेहऱ्यावर सूज, धाप, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास "ताणामुळे असेल" असे कुणालाही म्हणू देऊ नये. लगेच १०८ ला फोन करावा. टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांनाही २०१७ मध्ये प्रसूतीनंतर स्कॅनसाठी आग्रह धरावा लागला होता आणि त्यात फुप्फुसांत गुठळ्या आढळल्या.

प्रसूतीनंतरचे सहा आठवडेही तितकेच जोखमीचे असतात. या काळात बाळाचे वजन करायला नेताना आईचा रक्तदाबही मोजून घ्यावा.