डिझाईनसाठी पीसी घेताय? आधी हे बघा

सांगलीत फ्लेक्स-पत्रिकेचं काम करणारी पोरं दुकानात गेली की पहिलं ग्राफिक कार्डच विचारतात, पण कोरल-फोटोशॉपला आधी लागतो चांगला प्रोसेसर आणि रॅम, महागडं गेमिंग कार्ड नसलं तरी चालतंय (थ्रीडी करणार असाल तर गोष्ट वेगळी). प्रोसेसर आय५ नाहीतर रायझन ५, रॅम १६ जीबी, मदरबोर्ड रॅमच्या चार स्लॉटचा घ्या म्हणजे पुढं रॅम वाढवता येते. एसएसडी (वेगवान डिस्क) ५०० जीबी, जुनी कामं साध्या हार्डडिस्कवर. कार्डाचे वाचलेले पैसे आयपीएस मॉनिटरला (रंग नीट दाखवणारा स्क्रीन) घाला, एसआरजीबी (स्क्रीनवरच्या रंगांचं ठरलेलं माप) ९९ टक्क्यांच्या आसपास असलेला, नाहीतर रंगाचा अंदाजच येत नाही आणि गिऱ्हाईक भांडतंय ते वेगळंच. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) लोकल अजिबात नको, ८० प्लस ब्रॉन्झ प्रमाणपत्रवालाच (वीज कमी वाया घालवणारा), आणि यूपीएस पाहिजेच, वळवाच्या पावसात लाईट कशी ये-जा करते माहितीय ना.