चालीपलीकडचे काम : कोल्हापुरातून चित्रपटसंगीताकडे वळणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातल्या ज्या मुलामुलींना चित्रपटाचे संगीतकार व्हायचे असते, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलमध्ये स्वतः बांधलेल्या काही चाली असतात, आणि त्यांतल्या एक-दोन खरोखर चांगल्या निघतात. या चाली कोणाला ऐकवायच्या, हा त्यांचा ठरलेला प्रश्न असतो. बरीच वर्षे संगीत साहाय्यक म्हणून आणि अलीकडे स्वतंत्रपणे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की तयार चाली ऐकवून चित्रपट क्वचितच मिळतो. दिग्दर्शकाला त्याच्या प्रसंगाला लागणारे संगीत ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या लांबीत आणि ठरलेल्या पैशांत हवे असते. चाल सुचणे हा त्या कामाचा लहानसा भाग आहे; उरलेला भाग शिकावा लागतो, आणि त्यातला बराचसा कोल्हापुरात राहून शिकता येतो.

आपल्या गावाला या कामाची परंपरा मोठी आहे, परंतु तिच्याकडे अभिमानापेक्षा अभ्यासाच्या नजरेने पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी येथेच झाली आणि १९३३ मध्ये पुण्यास जाण्यापूर्वी तिने ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा बोलपट येथे तयार केला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच होती. पार्श्वगायनाची पद्धत १९३५ पर्यंत भारतात आली नव्हती, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर उभे राहूनच गावे लागे. टेंबे यांनी तोपर्यंत भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाला पेटीची साथ केली होती आणि ‘मानापमान’ (१९११) या नाटकाच्या चालीही दिल्या होत्या. म्हणजे चित्रपटाकडे येण्यापूर्वी साथ आणि रंगभूमी या दोन्ही ठिकाणी त्यांचे शिक्षण झालेले होते. कोल्हापुरातच जन्मलेले सुधीर फडके १९४१ साली एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीत आणि १९४५ साली प्रभातमध्ये दाखल झाले. ‘गोकुळ’ (१९४६) हा त्यांचा आरंभीचा चित्रपट. पुढे १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी त्यांनी ‘गीतरामायणा’ची ५६ गीते आठवड्यागणिक संगीतबद्ध केली. नवख्याने मला विचारले तर मी त्यांच्या कोणत्याही गाजलेल्या गाण्यापेक्षा या वेळापत्रकाकडे बोट दाखवीन : गदिमांचे शब्द हाती येणार, वृत्त दर वेळी निराळे, प्रसंग निराळा, गायक निराळा, आणि प्रक्षेपणाचा दिवस मात्र बदलणार नाही. व्यावसायिक संगीतकाराचे आयुष्य बव्हंशी असेच जाते.

म्हणून पहिली काही वर्षे साथीची कामे मिळतील तेवढी घ्यावीत. भावगीतांच्या कार्यक्रमात पेटी वाजवावी, राज्य नाट्यस्पर्धेतल्या संघाला पार्श्वसंगीत करून द्यावे, महाविद्यालयाच्या युवा महोत्सवातले समूहगीत बसवावे. नाटकाचे काम मी विशेष आग्रहाने सांगतो, कारण तालमीत नटाने एक वाक्य वाढवले की आपला तुकडा कमी पडतो आणि तो तिथल्या तिथे वाढवावा लागतो. शास्त्रीय संगीताची बैठकही हवीच. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचे वास्तव्य ज्या गावात होते आणि जेथे देवल क्लबसारखी संगीताची जुनी संस्था आहे, तेथे गुरू मिळत नाही ही तक्रार मला पटत नाही. परीक्षांची प्रमाणपत्रे शिकवण्या मिळवून देतात, चित्रपट देत नाहीत, एवढे मात्र आधीच समजून घ्यावे.

साहाय्यकाची नोकरी म्हणजे नेमके काय, हे कोणी नीट सांगत नाही. सिटिंगमध्ये, म्हणजे चाल ठरवण्याच्या बैठकीत, संगीतकार गुणगुणतो ते सारे रेकॉर्ड करणे, मुखड्याच्या कोणत्या पर्यायावर दिग्दर्शक थांबला याची नोंद ठेवणे, गीतकाराला चालीचे मीटर, म्हणजे ओळीची मोजणी, कळावी म्हणून डमी शब्द पाठवणे, वाद्यमेळ बसवणाऱ्या संयोजकाला लय आणि पट्टी (गाण्याचा ‘सा’ कोठे धरायचा ते) कळवणे, वादकांच्या वेळा जुळवणे आणि पाणी संपले की तेही आणणे, असे त्याचे स्वरूप असते. यातली पट्टीची बाब नवख्यांना सर्वांत उशिरा कळते. पुरुष गायक पेटीच्या काळी एकमध्ये मोकळा होतो, तर गायिकेला बहुधा काळी चारच्या आसपास बरे वाटते. द्वंद्वगीत दोघांच्या मधल्या पट्टीत ठेवले, तर दोघांचाही आवाज पडतो. त्यावर तोडगा असा, की चाल बांधतानाच पुरुषाच्या ओळी वरच्या सप्तकाकडे आणि गायिकेच्या ओळी खालच्या अंगाने न्याव्यात, किंवा मधल्या वाद्यसंगीतात पट्टी बदलून घ्यावी. हे रेकॉर्डिंगच्या दिवशी सुचून उपयोग नसतो, कारण तोवर बासरीवाल्याचा तुकडा वाजवून झालेला असतो.

पार्श्वसंगीताचे गणित निराळेच आहे. तेथे चालीला बसायला जागा प्रसंग देतो. लय मिनिटाला ९६ मात्रांची ठेवली तर एक मात्रा ०.६२५ सेकंदाची होते आणि तीनतालाचे सोळा मात्रांचे एक आवर्तन बरोबर १० सेकंदांत पूर्ण होते. चार आवर्तने म्हणजे ४० सेकंद. संकलकाने प्रसंग ४३ सेकंदांचा करून पाठवला, तर शेवटी तीन सेकंद स्वर ओढून धरण्याऐवजी लय ८९ वर आणली की त्याच चौसष्ट मात्रा जवळपास नेमक्या बसतात. हा हिशेब बोटांवर यायला हवा. त्याचबरोबर दृश्याची फाइल सेकंदाला २४ फ्रेमची आहे की २५ ची, हे काम सुरू करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे आणि ध्वनी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवावा. तालवाद्ये, तंतुवाद्ये, सुषिरवाद्ये आणि आवाज यांचे वेगवेगळे स्टेम, म्हणजे प्रत्येक गटाच्या स्वतंत्र ध्वनिफाइली, द्यावे लागतात, म्हणजे अंतिम मिश्रणात संवादाच्या आड येणारे वाद्य तेवढेच कमी करता येते. आणि कोठे वाजवू नये, हेही ठरवावे लागते. केशवराव भोळे यांचे संगीत असलेल्या ‘कुंकू’ (१९३७) या प्रभातच्या चित्रपटात पार्श्वसंगीताऐवजी प्रसंगातल्या खऱ्या आवाजांवर भिस्त ठेवली आहे. तो चित्रपट एकदा डोळे मिटून ऐकावा.

सारे काम संगणकातल्या तयार आवाजांवर उरकण्याची सवय आता सर्वत्र आहे, आणि खर्चाच्या दृष्टीने ती समजण्यासारखीही आहे. परंतु हलगी, घुमके आणि कैताळ वाजवणारे कलावंत आपल्या हाकेच्या अंतरावर असताना ग्रामीण प्रसंगाला परक्या ड्रमचा आवाज लावणे मला आळशीपणाचे वाटते. हलगी रेकॉर्ड करताना माइक तोंडाशी न धरता काही फूट लांब ठेवावा, कारण तिचा पहिला आघात फार तीव्र असतो. पावसाळ्यात कातडे उतरते, तेव्हा ती शेकण्यासाठी स्टुडिओबाहेर सोय करावी लागते आणि दोन टेकमध्ये तेवढा वेळ धरावा लागतो. वादकाला आधी त्याच्या मनासारखे वाजवू द्यावे, ते रेकॉर्ड करावे, आणि मगच कानात क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, द्यावी. कित्येकदा पहिलेच वाजवणे ठेवावेसे वाटते.

मुंबईला केव्हा जावे, याला एक उत्तर नाही. निरोप आला की जाता येईल एवढी शिल्लक आणि तेथे दाखवता येईल असे पूर्ण केलेले काम, मग ते लघुपटाचे का असेना, हाताशी असले म्हणजे पुरे.

पैशांविषयी मात्र संकोच करू नये. एका निर्मात्याने माझ्याकडून सगळे हक्क कायमचे सोडल्याचा कागद पाठवला होता आणि सही केल्याशिवाय काम सुरू होणार नाही असे कळवले होते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानुसार, चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतर वापरांतून मिळणाऱ्या रॉयल्टीतला संगीतकाराचा समान वाटा वारसदार किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणालाही देता येत नाही, की सोडूनही देता येत नाही. ज्यांना स्वरलिपी लिहिता येत नाही, त्यांच्या माहितीसाठी : चाल कागदावर उतरवलेली नसली, तरी ती बांधणारा कायद्याच्या दृष्टीने संगीतकारच असतो. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व पहिले गाणे प्रसिद्ध होताच घ्यावे आणि प्रत्येक गाणे तेथे स्वतः नोंदवावे, कारण न नोंदवलेल्या गाण्याचे पैसे शोधत कोणी घरी येत नाही. मानधनाचा पहिला हप्ता रेकॉर्डिंगपूर्वी घ्यावा आणि वादकांचे पैसे त्यातून त्याच दिवशी चुकते करावेत. अखेरचा हप्ता हाती येईपर्यंत निर्मात्याला ऐकण्यापुरते मिश्रण पाठवावे, स्टेम पाठवू नयेत.